केसवालीचं उट्टं

आमच्या स्टुडिओत कुणाला नावाने हाक मारायची पद्धत नाही. मुलांच्या चित्रपुस्तकांतली पात्रं आम्ही काही जण मिळून संगणकावर रंगवतो, आणि ज्याच्या वाट्याला जो भाग आला तेच त्याचं नाव झालं. मी रेघा काढते, म्हणून रेघवाली. चेहऱ्याला आणि हातापायांना रंग देतो तो कातडीवाला. हे नाव त्याला मुळीच आवडत नाही, म्हणूनच ते टिकलं. मागची झाडं, घरं आणि ढग करणारे, सगळ्यांत वयस्कर, ते आभाळकाका. आणि माझ्या शेजारच्या टेबलावर खिडकीकडे पाठ करून बसते ती केसवाली. ती फक्त केस करते. गेल्या कित्येक वर्षांत तिने दुसरं काही केलेलं नाही आणि दुसऱ्या कुणाला केसांना हात लावू दिलेला नाही.

तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे तिच्या रागाबद्दल लिहायचं. तो नाकाच्या शेंड्यावर नसतो. भडकणारी माणसं मला परवडतात. ती दार आपटतात आणि मोकळी होतात. केसवाली डूख धरते. एकदा कातडीवाल्याने तिच्या कपातून चहा पिऊन तो उष्टा कप तसाच तिच्या टेबलावर ठेवला. तिने तो धुऊन जागेवर ठेवला. पुढच्या पुस्तकात त्याने एका मुलीचा गाल फार जीव ओतून रंगवला होता, लाजल्याची लाली वगैरे. केसवालीने त्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत एक जाड बट सोडली आणि गाल गाडून टाकला. तो हातवारे करत आला. "वारा सुटलाय ना चित्रात," ती म्हणाली, "आभाळकाकांची झाडं बघ कशी वाकलीत." झाडं खरंच वाकलेली होती. कातडीवाला तेव्हापासून चहाचा कप घरून आणतो.

मला ती त्या दिवसापासून आवडली. माफ करणाऱ्यांचं मला फारसं कौतुक नाही. त्यातल्या निम्म्यांना राग सांभाळायचा कंटाळा असतो आणि त्यालाच ते मोठं मन म्हणतात.

तिचं काम बघत बसावं असं असतं. माझ्या रेघा तिच्याकडे गेल्या की ती आधी चित्रात उजेड कुठून येतोय ते शोधते. खिडकी, दिवा, शेकोटी, जे असेल ते. मग केसांच्या सगळ्या आकारात एकच सपाट रंग भरते. नवशिके इथे काळा घेतात. काळ्याभोर केसांनाही ती काळा घेत नाही. गडद तपकिरी घेते आणि त्यात किंचित जांभळा. त्यावर दुसरी लेयर, म्हणजे संगणकातला वेगळा थर, ती खालच्या रंगाला अशी बांधलेली की ब्रश कितीही भरकटला तरी रंग गालावर सांडत नाही. त्या लेयरवर सावल्या, कानामागे, मानेजवळ, अंबाड्याच्या पोटाशी. "एकेक केस काढत बसू नका," ती नव्यांना सांगते, "बटा बघा, बटांची वळणं बघा." चमक सगळ्यांत शेवटी, डोक्याच्या गोलाईवर आडवी आणि प्रत्येक बटेपाशी तुटलेली. ती अखंड ओढली की केस प्लास्टिकचे दिसतात. मग बाहेर सुटलेले थोडे चुकार केस. माझी काळी रेघसुद्धा ती केसांच्या रंगाची करून टाकते. त्यावरून सुरुवातीला आमची चांगलीच जुंपली होती आणि अर्थातच ती जिंकली.

अजून एक गोष्ट इथे सांगायला हवी. कातडीवाला प्रत्येक पात्राचं डोकं आधी टाळूसकट पूर्ण रंगवतो, कारण खाली डोकं नीट असेल तरच वर केस बसतात. केस वेगळ्या लेयरवर असतात. त्या लेयरसमोर डोळ्याचं एक बारीक चिन्ह असतं. त्याला पेनाचं टोक लावलं की लेयर दिसेनाशी होते. म्हणजे राजकन्या असो नाहीतर पऱ्यांची आजी, क्षणात तुळतुळीत टकली. काम तुंबलं आणि डोकी तापली की आम्ही हा खेळ करून हसतो. केसवाली त्यात कधी नसते.

ती का नसते ते मला एका दुपारी कळलं. त्या पुस्तकात मुलीची वेणी घालणारी एक आई होती. मी रेघा करून दिल्या आणि केसवाली ते पान उघडून नुसतीच बसून राहिली. जेवणाच्या सुट्टीत मी तिला टोकलं, तेव्हा डबा न उघडताच तिने मला सगळं सांगितलं.

ती शाळेत असताना तिची आई वारली. वडील कामासाठी सतत परगावी, म्हणून ती काकांच्या घरी वाढली. घरात काका, काकू आणि काकूंची मुलगी, हिच्याहून बरीच मोठी, जिला ती ताई म्हणते. "जेवायला पोटभर होतं, अंगावर कुणी हात टाकला नाही," ती म्हणाली, "त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही." फक्त तिला जवळ कुणी घेत नव्हतं. आईने वाढवलेले केस तेवढे होते, कमरेच्या खाली येणारे, आणि ते ती एकटीच कसेबसे विंचरायची.

मग ताईचं लग्न ठरलं. ताई दिसायला देखणी, पण केस अगदीच विरळ. लग्न तोंडावर आलं असताना एका दुपारी काकू कंगवा घेऊन हिच्या मागे येऊन बसल्या. ये, विंचरून देते, म्हणाल्या. आई गेल्यापासून तिच्या डोक्यावरून कुणाचा हात फिरला नव्हता. ती डोळे मिटून बसली. काकूंनी सावकाश गुंता सोडवला, घट्ट वेणी घातली, वरून आणि खालून दोऱ्याने बांधली. मग मानेपाशी कात्रीचा आवाज आला.

"उवा झाल्या होत्या, असं काकूंनी सगळ्यांना सांगितलं," ती म्हणाली. "मला उवा नव्हत्या गं."

लग्नात ताईच्या पाठीवर जाडजूड वेणी होती. घरच्यांना एवढंच माहीत की बाजारातून गंगावन आणलंय, म्हणजे विरळ वेणीत गुंफायचा तयार केसांचा झुपका. केसवाली मागच्या रांगेत डोक्याला रुमाल बांधून बसली होती. हॉलच्या दिव्याखाली ताई वळली आणि वेणीच्या कडेला तांबूस झाक चमकली. ताईचे स्वतःचे केस निळसर काळे. खांद्यापर्यंत एक काळा, त्याखाली दुसरा काळा. "काळ्यात काळा निराळा असतो, हे मला तिथे दिसलं," ती म्हणाली. "बाकी कुणालाच दिसत नव्हतं."

शिक्षण संपेपर्यंत ती त्याच घरात राहिली. बाहेरच्या खोलीत त्या लग्नाचा मोठा फोटो लावलेला होता. ताई मान वळवून बघते आहे आणि वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली. येणारा प्रत्येक पाहुणा म्हणायचा, काय केस आहेत हो मुलीचे! आणि काकू हसून म्हणायच्या, आमच्या घराण्यातच आहेत. हे ती खाली बसून अभ्यास करता करता ऐकायची. केसाने गळा कापणं म्हणतात ते अजून काय असतं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणि ताई?" मी विचारलं.

"तिला बिचारीला काय माहीत? तिलाही बाजारातलंच सांगितलं होतं. माझं डोकं बघून तीच रडली. आपला हेअरबँड काढून मला दिला." लग्नानंतर ताई दूर राहायला गेली, पण तिचा फोन दर रविवारी येतो, हे मी इतकी वर्षं बघत आलेच होते. त्या घरातून केसवालीने एवढं एकच माणूस आपलं म्हणून राखलं होतं.

"मग आता तुला हवंय काय?"

तिने क्षणभरही विचार केला नाही. "काकूंनी एकदा स्वतःला ओळखावं. चारचौघांत. आणि मान खाली घालावी. एकदाच. मग मी सोडून देईन."

ती सोडून देईल यावर माझा काडीचा विश्वास बसला नाही. बाकी सगळं मला पटलं.

संधी आपणहून चालत आली. मुलांच्या गोष्टींची एक नवी मालिका आमच्याकडे आली, तिच्यात एक दुष्ट राणी होती. गावातल्या लोकांची गाणी चोरायची, बाटल्यांत भरायची आणि महालात लपवायची, हा तिचा उद्योग. राणी कशी दिसते याबद्दल लेखकाने चकार शब्द लिहिला नव्हता. केसवालीने खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी आणली. "नाक-डोळे कुणाचेही काढ," ती म्हणाली. "अंबाडा मात्र मधोमध नको, डाव्या कानाकडे झुकलेला. उजव्या कपाळावर एक पांढरी बट. आणि मानेवर एक कुरळी बट, काही केल्या न बसणारी." मी काकूंना पाहिलेलं नव्हतं, पण रेघा काढता काढता मला त्यांची पाठ ओळखीची वाटायला लागली.

त्या केसांच्या कामाला ती जशी बसली तशी कुठल्याच नायिकेसाठी बसली नव्हती. दातओठ खात काम करायची. अंबाड्याची प्रत्येक घडी वेगळी, घडीच्या आत सावली, सावलीच्या काठावर जांभळी छटा. पांढऱ्या बटेला पांढरा रंग न देता राखाडी, पिवळट आणि निळसर असे रंग एकमेकांत विरघळवून तिने ती बट आणली. मानेवरची कुरळी बट पुन्हा पुन्हा पुसली आणि पुन्हा काढली, कारण काकूंची बट आधी बाहेर वळते आणि मग आत, हे तिला आठवत होतं. "बघू दे म्हातारीला," ती पुटपुटायची. "सगळ्या जगाने बघू दे." आभाळकाका एकदा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "पोरी, एवढी माया लावून केस केलेले मी तरी पाहिले नाहीत." तिने त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की काका आपल्या ढगांकडे परत गेले. पण म्हाताऱ्याने खरं काय ते तेव्हाच सांगून टाकलं होतं आणि आम्हाला दोघींना ते कळलं नाही.

पुस्तक निघालं आणि मुलांनी राणीला डोक्यावर घेतलं. गाणी परत मिळवणारी गरीब मुलगी कुणाच्या लक्षातही राहिली नाही. पोरी घरी आईकडे हट्ट धरायला लागल्या, तसा तिरका अंबाडा घाल म्हणून. एकीने म्हणे खडूने कपाळावरचे केस पांढरे करून घेतले. आमच्या संपादकबाई आनंदाने आल्या आणि म्हणाल्या, पुढच्या प्रत्येक पुस्तकात राणी हवी. केसवालीचा चेहरा पडला.

आणि मग एके दिवशी भर दुपारी काकूच स्टुडिओत आल्या. मी मान वर केली आणि माझ्या रेघा दारात उभ्या. अंबाडा डावीकडे, पांढरी बट उजवीकडे. हातात बिस्किटांचा डबा. त्यांनी तो आल्या आल्या कातडीवाल्याच्या हातात दिला, "सगळ्यांना वाट रे," आणि सरळ केसवालीच्या शेजारी जाऊन बसल्या.

"अगं, मला शेजारणीने दाखवलं! म्हणाली, ही तर तुम्हीच. मी म्हटलं, मीच आहे मुळी. आमच्या पुतणीने केलंय."

केसवालीने पेन खाली ठेवलं. "काकू, तुम्ही ओळखलंत?"

"न ओळखायला काय झालं? मानेवरची ती मेली बटसुद्धा! आयुष्यभर पिना खोचल्या, बसली नाही. अगं, माझ्या पोटच्या पोरीला ती ठाऊक नसेल. इतकं बारीक बघितलंयस मला?" त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. "मनात एवढी माया होती, आणि तोंडाने कधी बोलली नाहीस."

"काकू, ती राणी दुष्ट आहे."

"असेना का. राणी आहे ना?" म्हणून काकूंनी एक बिस्किट तिच्या तोंडाशी धरलं.

त्या गेल्यावर मी तिच्यावर घसरले. केस चांगले केलेसच कशाला, म्हटलं. तेलकट करायचे, राठ करायचे, चमक अखंड ओढून प्लास्टिकचे करायचे. ती म्हणाली, "मला येत नाही वाईट करता." हे खरं होतं. डोळ्यांत तेल घालून तिने त्या बाईवर वर्षानुवर्षं नजर ठेवली होती. कागदावर उतरताना त्यातला राग गळून गेला आणि नुसती नजर उरली. जिच्या नावाने बोटं मोडायची तिलाच तिने आपल्या हाताने मिरवलं होतं.

काकूंनी मग ताळच सोडला. शाळांमध्ये जाऊन गोष्ट वाचून दाखवायला लागल्या. त्यांच्या बिल्डिंगमध्ये त्यांना राणीसरकार म्हणतात, हे त्यांनी स्वतःच फोन करून सांगितलं. दुसऱ्या पुस्तकाचं प्रकाशन मोठ्या वाचनालयात ठरलं, तेव्हा संपादकबाईंना भेटून मंचावर राणी म्हणून बसायचं आमंत्रणही मिळवलं. दर फोनला एकच प्रश्न, पुढच्यात माझं काय होतं गं? केसवाली हं हं करायची आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ स्क्रीनकडे बघत राहायची.

दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर लेखकाने एवढंच लिहिलं होतं की राणीला तिची शिक्षा मिळाली. कसली शिक्षा ते चित्राने दाखवायचं. मी राणीला रिकाम्या महालात एकटं बसवलं होतं. केसवालीने ते पान पूर्ण केलं, केसांच्या लेयरवरच्या डोळ्याला पेन टेकवलं आणि टकल्या राणीचं चित्र संपादकबाईंना दाखवलं. त्यांना धक्का बसला, मग हसू आलं. "दोन्ही जमतं," त्या म्हणाल्या, "केस ठेवायचे की घालवायचे ते तू ठरव. पान मात्र आज संध्याकाळपर्यंत पाठव."

केसवालीने तिथूनच काकूंना फोन लावला. तुमचं पान झालंय, बघायला या, म्हणाली. ताई तेव्हा माहेरी आलेली होती. ती पण आली तर बरंच, असं केसवालीने मुद्दाम सांगितलं. ताईला कळायला हवं होतं, आईने काय केलं ते. मी म्हटलं, मी उठून जाऊ का? "बस इथेच," ती म्हणाली. "चारचौघांत व्हायला हवं."

दोघी आल्या. ताईला मी प्रथमच बघत होते. गोड बाई, आवाज मऊ, आल्या आल्या तिने केसवालीच्या गालावरून हात फिरवला. काकू स्क्रीनसमोर बसल्या. राणी एकटी बसली होती, खिडकीतून तिरपा उजेड अंबाड्यावर पडला होता, आणि मलाही कबूल करावं लागेल की असे केस मी पुन्हा पाहिलेले नाहीत.

"बाई बाई," काकू म्हणाल्या. "शिक्षेतसुद्धा शोभतेय."

केसवालीने पेन टेकवलं. केस गेले. मोठं, गोल, उघडं डोकं आणि खाली तोच तोरा. काकूंचा हात आपोआप स्वतःच्या अंबाड्याकडे गेला.

"हे काय गं?"

"हे असं छापायला जाणार आहे."

"म्हणजे वाचनालयात मी... सगळ्यांसमोर... टकली?" त्या हसायला बघत होत्या, पण जमलं नाही. "काहीतरीच काय. लाव ते परत."

"लावते. एक सांगा आधी. ताईच्या लग्नात तिच्या वेणीत केस होते, ते कुणाचे?"

कातडीवाल्याचा ब्रश थांबला. काकूंनी लेकीकडे बघितलं, मग दाराकडे. "आता हे काय उकरून काढायचं?"

"कुणाचे होते?"

"घरातलेच होते. घरात असताना परक्याचे कशाला घालायचे डोक्यात?"

"काकू, कुणाचे?"

"तुझे!" काकू ओरडल्याच. "तुझे होते. झालं समाधान? परक्या पोरीचे कापले असते का मी? आपली होतीस म्हणून कापले."

मला वाटलं, संपलं, जिंकली पोर. केसवाली ताईकडे वळली. तिचा आवाज एकदम खाली आला. "ताई, तुला त्रास व्हावा म्हणून नाही गं हे. तुला माहीतच नव्हतं, ते मला—"

"आईला नको बोलूस," ताई म्हणाली.

"तू गप्प बस," काकू म्हणाल्या.

"नाही आई, किती दिवस तू ऐकून घेणार?" ताईने केसवालीचा हात हातात घेतला. "मीच म्हटलं होतं तिला. बाजारातलं गंगावन राठ होतं गं, हातात धरवत नव्हतं. तुझे केस किती मऊ. आई नाहीच म्हणत होती, मीच रडून तिच्या मागे लागले. लग्न एकदाच होतं ना. आणि वाढलेच की तुझे परत."

काकूंची मान खाली गेली. केसवालीला इतकी वर्षं जे बघायचं होतं ते तिच्यासमोर घडत होतं आणि तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती ताईच्या हाताकडे बघत होती.

"पण तू रडली होतीस," ती म्हणाली.

"खरंच रडले होते. वाईट वाटलं होतं मला."

केसवालीने आपला हात सोडवून घेतला, पेन उचललं आणि डोळ्याला टेकवलं. राणीचे केस परत आले, पांढऱ्या बटेसकट. "काकू, पान असंच जाईल," ती म्हणाली. "तुम्ही या आता." ताई काहीतरी समजावत होती, रविवारी बोलू म्हणत होती. काकूंनीच तिला दंडाला धरून बाहेर नेलं.

मग केसवाली रडली. स्टुडिओत सगळ्यांसमोर, तोंड न झाकता. आभाळकाकांनी पाण्याचा ग्लास आणून ठेवला. "म्हातारीने सगळं स्वतःवर घेतलं," ती मला म्हणाली. "इतकी वर्षं मी तिचा तिरस्कार केला आणि तिने करू दिला, लेकीचं नाव येऊ नये म्हणून. ताईला पाठीशी घालायला आई होती. मला त्या दुपारी कुणी नव्हतं." मला फक्त त्या गोड आवाजाच्या बाईचा संताप येत होता.

नाक पुसून तिने विचारलं, "राणीला मुलगी आहे का गं गोष्टीत?"

"नाही."

"लेखकाला सांग, आहे."

लेखकाला ती कल्पना आवडली. तिसऱ्या पुस्तकात राणीची मुलगी आली, देखणी, मऊ बोलणारी, सगळ्यांची लाडकी. ताईला मी पाहिलेलं होतंच, त्यामुळे या वेळी नाक-डोळेही मी मन लावून काढले. केस केसवालीने केले. या वेळी ती दातओठ खात नव्हती. शांत बसून, हात स्थिर ठेवून करत होती. वरचे केस निळसर काळे, विरळ, मधून टाळू दिसणारे, आणि तरी इतके जिवंत की वाऱ्याने हलतील. खांद्यापाशी त्यात गुंफलेली जाडजूड वेणी दुसऱ्याच काळ्याची, कडेला तांबूस. जिथे दोन्ही मिळतात तो सांधा तिने लपवला नाही. संपादकबाईंनी पान परत पाठवलं. इथे रंग जुळत नाही, लेयरमध्ये चूक झालेली दिसते, म्हणाल्या. "चूक नाही," केसवाली म्हणाली. "बदललंत तर पुढचे केस दुसऱ्या कुणाकडून करून घ्या." त्यांनी नाही बदललं.

मुलांना सांधा लगेच दिसला. मोठ्यांना दिसायला वेळ लागतो, पोरांना लागत नाही. जिथे जिथे ते पुस्तक वाचलं जातं तिथे कुणीतरी पोर बोट ठेवून विचारतंच, ही वेणी कुणाची आहे? काकू आता शाळांमध्ये जात नाहीत, असं ऐकलं.

ताईचा रविवारचा फोन तर बंदच झाला होता. पुस्तक निघाल्यावर एके दिवशी कामाच्या वेळीच आला. केसवालीचे दोन्ही हात गुंतले होते म्हणून तिने स्पीकर सुरू केला.

"ती मुलगी मी आहे ना?" ताईने विचारलं.

"हो ताई. तूच."

मग ताई रडायला लागली, आधी दाबून, मग मोठ्याने. पुसून टाक म्हणाली, चुकलं म्हणाली, माझ्या मुलीने मला विचारलं गं, असं म्हणाली. केसवालीने एका शब्दाने उत्तर दिलं नाही आणि फोनही बंद केला नाही. पेन खाली ठेवून, हात मांडीवर घेऊन, ताईचं रडणं संपेपर्यंत ती ऐकत बसली.